मशेरीनंतरचा चहा

आई, तुझी मशेरी मी सोडवली, हे मी अजून चारचौघांत मिरवते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तुझ्या गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला, त्याच संध्याकाळी मी तुझी डबी मोरीत रिकामी केली आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येताना बोईसरच्या बाजारातून तुला ब्रश आणला. त्या ब्रशने तू समई घासलीस. आठवडाभर भांडी आपटलीस. "माजं तोंड हाय, तुला काय त्याचं?" म्हणालीस. मी ऐकून घेतलं. तू जगायला हवी होतीस, आणि तुला वाचवणारी मीच असायला हवी होते.

मग तुला चहा सापडला. शेजारच्या खोलीत दादा-वहिनीची वेगळी चूल. वहिनी घाटावरची, तुला आत्या म्हणायची, आलं ठेचून काळाकुट्ट चहा करायची. आधी एक कप, मग तीन, मग उजाडलं की तू तिच्या ओट्यावर. "तोंड रिकामं रायलं का जीव घाबरा होतो," हे तू तिला सांगितलंस, मला कधीच नाही. मशेरी होती तेव्हा सकाळचा तो तास माझा होता. मागच्या दारी तव्यावर तंबाखू भाजून तू दात घासत बसायचीस, मी खोकत वेणी घालायचे, आणि तू चिंचणीच्या माहेरच्या गोष्टी सांगायचीस. मग त्याच गोष्टी भिंतीपलीकडून ऐकू यायला लागल्या. तुम्ही दोघी हसायचात, आणि मी कंपनीच्या बसची वेळ बघत एकटीच भाकरी चावायचे. नुसता जळफळाट व्हायचा माझा! तुझ्या शिव्या मी खाल्ल्या, आणि तिला तू आयती मिळालीस.

म्हणून एका सकाळी मी तुला सांगितलं की वहिनी नळावर बायकांना म्हणत होती, सासू उठल्या उठल्या दारात येऊन बसते, पाठच सोडत नाही. तू पदर सारखा केलास आणि पुन्हा त्या ओट्यावर पाय ठेवला नाहीस. पाचव्या दिवशी मागच्या दारी तंबाखूचा धूर. मी ओरडायला हवं होतं. मी फणी घेऊन तुझ्याशेजारी जाऊन बसले. त्याच आठवड्यात वहिनीने मला गाठलं. "वन्सं, आत्या येईनात झाल्या. माझं काही चुकलं का?"

"तिचा सोभावच हाय तसा," मी म्हटलं.

पुढे चट्टा वाढला, मुंबईच्या खेपा झाल्या, आणि तुला जाऊन आता बारा वर्षं होतील. आज वहिनीने पुन्हा तेच विचारलं. तिचे केस पिकले, तरी तो प्रश्न काही तिच्या मनातून गेला नाही. मी विषय बदलला आणि घरी येऊन हे लिहायला बसले. खरं तर हा कागद भिंतीपलीकडे द्यायला हवा, पण माझ्याने ते होणार नाही. वहिनी नळावर असं काहीच म्हणाली नव्हती, आई. आणि तू गेलीस त्या दिवशी ती माझ्यापेक्षा जास्त रडली, ते मला अजूनही सहन होत नाही.