सेपोराचं नाव काढायची ओळ

रविवार, ३० जून. जेवणं आटोपल्यावर.

सगळ्यात आधी लुपेच आली. नातीनं आधी यावं, याला म्हणतात वळण. तिचा बाप, म्हणजे माझा इओसुआ, चर्च सुटल्यावर पार्किंगमध्ये गप्पा मारत बसला, उकडलेला तारोचा कंद गार झाल्यावर उगवला आणि वर मलाच म्हणाला, आई, तारो गार आहे. पाद्रीबाईंनी आजही तीच टोपी घातली होती. तिसरा रविवार. असो.

लुपे कॉम्प्युटर शिकते. तिला कॉलेजात स्ट्रिंगचा प्रोग्राम करून दाखवायचा आहे. माझ्या पंच्याहत्तरीची कार्डं त्यातूनच काढायची, असं तिनं ठरवलंय. इओसुआकडे सगळ्या खानदानाची यादी आहे, एकशे बेचाळीस नावं. प्रोग्राम एकेक नाव उचलतो, पुढे ‘माझ्या लाडक्या’ लावतो, मागे ‘दहा ऑगस्टला यायचंच’ लावतो. झालं कार्ड. मी म्हटलं, हे काम माझ्याकडे दे. चौथी शिकलेली बाई प्रोग्राम लिहिणार! लुपे टाळ्या वाजवायला लागली. इओसुआ तारो खात राहिला.

यादीत सेपोरा आहे. माझी धाकटी बहीण, ऑकलंडची. तिचं नाव काढायचं. रागानं नव्हे. माझ्या मनात काही नाही. आईच्या मयताला आली आणि आईची चटई उचलून घेऊन गेली, त्याला अकरा वर्षं झाली. केवड्याच्या पातीची, रेशमासारखी, आईनं नऊ वर्षं विणलेली, थोरलीकडे यायची ती. मी तर विसरूनही गेले. डाव्या कोपऱ्यातली तीन लाल पिसं गळालेली आहेत.

इओसुआ म्हणतो, यादीला कोणी हात लावायचा नाही, ती सगळ्यांची आहे. बरं. प्रोग्राममध्ये काढू.

शनिवार, ६ जुलै. सकाळी.

लुपेनं जुना लॅपटॉप आणून दिला आणि दोन तास शिकवलं. अगदी सोपं आहे. स्ट्रिंग म्हणजे ओवलेली अक्षरं, आपण शिंपल्यांची माळ ओवतो तशी. कितवं अक्षर कुठलं, माळ किती लांब, सगळं ती स्वतः सांगते. ट्रिम म्हटलं की दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटते. इओसुआनं निम्म्या नावांमागे उगाच जागा सोडल्यात, लहानपणी ताटात शितं सोडायचा तशाच. रिप्लेस म्हटलं की हे काढून ते घालते. ‘ते’च्या जागी काहीच द्यायचं नाही, की नाव गेलं.

मग लुपे म्हणाली, आजी, एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. ओवलेली माळ कधी बदलत नाही. रिप्लेस म्हटलंस की ती दुसरी माळ ओवून तुझ्यापुढे धरते. तू हात पुढे करून ती घेतली नाहीस, तर ती गेली. जुनी आहे तशीच राहते.

तीनदा सांगितलं तिनं. मी म्हटलं, बाळ, साठ वर्षं माळा ओवतेय मी.

संकल्प: आजपासून रोज एक ओळ.

मंगळवार, ९ जुलै.

ओळ झाली नाही. आमच्या पोरिरुआ गावचा हिवाळी वारा गुडघ्यात शिरलाय. रविवारी ओळ लिहिणं पाप. काल पाद्रीबाई आल्या, बसल्या, उठेनात. टोपी नवी आहे म्हणाल्या.

गुरुवार, ११ जुलै. चहाच्या आधी.

लिहिली! एका बोटानं, पाऊण तास लागला. नाव, मग टिंब, मग रिप्लेस, मग सेपोरा, मग स्वल्पविराम, मग नुसतीच रिकामी अवतरणं. शेवटी अर्धविराम. बटण दाबलं. मशीन गप्प. लाल अक्षर नाही, कुरकुर नाही. गप्प बसलं म्हणजे ऐकलं. माझी पोरंही अशीच वाढवली मी, म्हणून तर ती आज एवढी गप्प असतात.

वाईट वाटलं का? नाही. कोको करून प्यायले. दोन पाव खाल्ले. तिसराही.

लुपेला दाखवलं नाही. तिची परीक्षा आहे, शिवाय विचारत बसेल.

शुक्रवार, १९ जुलै.

पेनड्राइव्ह स्वतः चर्चच्या ऑफिसात नेऊन दिला. तिथे छापून मुली घड्या घालतात आणि परस्पर पोस्टात टाकतात. एक मुलगी म्हणाली, आजी, एकदा बघून घेता का? मी म्हटलं, मशीननं केलंय, माणसानं नाही.

शनिवार, १० ऑगस्ट.

हॉलमध्ये सगळ्यात आधी कोण यावं? सेपोरा. खुर्च्याही मांडल्या नव्हत्या. केस पांढरेशुभ्र, काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. मला दिसलं काय आहे ते. मी पाहिलं नाही.

विचारलं, तुला इथे कोणी बोलावलं?

म्हणाली, ताई, तूच की. आणि पर्समधून कार्ड काढलं. कडा मऊ पडल्या होत्या, इतकं उघडलं-मिटलं होतं. वाचून दाखवलं. माझ्या लाडक्या सेपोरा.

आता तिथे गप्प बसायला काय झालं होतं मला? पण नाही. म्हटलं, ते सगळ्यांनाच लागतं, लाडक्या. मशीन लावतं. एकशे बेचाळीस लाडक्या आहेत माझ्या.

तिनं कार्डाची घडी घातली. बंडल तसंच काखेत. म्हणाली, असं होय. मग हे घेऊन जाते. तू स्वतः बोलावशील तेव्हा आणीन, अगदी दुसऱ्या दिवशी हजर. जेवणाचं डुक्कर भट्टीतून बाहेर काढायच्या आत ती निघूनही गेली.

वाढदिवस छान झाला. सगळे म्हणाले.

रविवार, ११ ऑगस्ट.

लुपे गळ्यात पडली. म्हणे, आजी, तू आपण होऊन सेपोराआजीला बोलावलंस, मला किती बरं वाटलं! डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. इओसुआसुद्धा माझ्याकडे बघत होता, जेवण थांबवून.

मी म्हटलं, हो. कोणीतरी मोठं व्हायचं असतं.

आणि खरंच आहे ते. मनात असल्याशिवाय कार्ड जातं का? ओळ लिहिताना हात हलका पडला असणार माझा. किंवा चर्चच्या ऑफिसातलं मशीन बिघडलेलं असेल. लुपेला कशाला विचारा.

रविवार, २२ सप्टेंबर.

ठरवलं. पांढऱ्या रविवारी बोलवायचं. त्या दिवशी पोरं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये पाठ म्हणतात, मग आधी पोरं जेवतात आणि मोठी माणसं वाढतात. अशा दिवशी कोणी भांडत नाही. पोरं बघत असतात.

इओसुआनं यादी दिली, जवळपासचीच तेवीस नावं, ऑकलंडचं कोणी नाही. सेपोराला मी घालणार. लुपेला फोनवर विचारलं, आणखी एक नाव शेवटी जोडायचं तर? ती म्हणाली, कॉन्कॅट. पुढे काहीतरी सांगत होती, बस आली म्हणाली, ठेवला.

मी सेपोराला सरळ फोन का करत नाही? थोरल्या बहिणीनं फोन करायचा? कार्ड ते कार्ड. कार्ड पर्समध्ये ठेवता येतं.

मंगळवार, १ ऑक्टोबर.

यादी, टिंब, कॉन्कॅट, सेपोरा, अर्धविराम. या वेळी वीस मिनिटांत! मशीन गप्प. पेनड्राइव्ह ऑफिसात पोहोचला. मुलगी म्हणाली, आजी, बघून घेता का? या पोरीला दुसरं काही येतच नाही.

पुढच्या खोलीतली भिंत रिकामी केली. इओसुआचा रग्बीचा फोटो काढला. चटईला उजेड नको लागायला, पडदाही बदलला.

रविवार, १३ ऑक्टोबर.

पालुसामी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची पानं, दोन ट्रे. नारळाच्या दुधातले गोड पाव चाळीस. पोरांनी पाठ म्हटले, धाकटा मधेच अडकला, सगळे हसले, मीही. दारापाशी बसले होते. गाडी आली की उठायचे. तेवीसच आले.

तीन वाजता तिचं ताट झाकलं. पाच वाजता उघडून पोरांना दिलं.

अकरा वर्षांची आढी असते तर अशी! दुसऱ्या दिवशी हजर म्हणे. मी वाकले, तिला वाकता येत नाही. लहानपणापासून अशीच.

सोमवार, १४ ऑक्टोबर. दुपारी.

लुपे भांडी घासायला थांबली होती. मी सगळं सांगितलं, वर सेपोराला दोन शिव्याही हासडल्या. तिनं हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. माझ्या दोन्ही ओळी बोट लावून वाचल्या.

म्हणाली, आजी, दोन्ही वेळेला तू नवी माळ घेतलीच नाहीस. काढलंस तेव्हा नाव निघालं नाही. घातलंस तेव्हा लागलं नाही.

मी म्हटलं, पण मशीन गप्प होतं.

म्हणाली, गप्प असणारच. तू सांगितलेलं त्यानं केलं. तू ठेवून घेतलं नाहीस.

मग हळूच विचारलं, म्हणजे ऑगस्टमध्ये तू तिला काढलं होतंस?

मी पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच होतं.

नंबर तिनंच लावला आणि फोन माझ्या ओल्या हातात दिला. सेपोरानंच उचलला. म्हणाली, ताई? महिनाभर रोज पोस्टाची पेटी बघत होते गं. पांढऱ्या रविवारी तरी बोलावशील वाटलं होतं. शनिवारपर्यंत वाट पाहिली. तिकडे मायदेशी, सवाई बेटावर, आपल्या भाच्याला गावकीची पदवी देतायत, त्याच्या बापानं चटई मागितली, ती काल विमानानं पाठवली. आपल्या घरात नुसती पडून राहण्यापेक्षा बरी, नाही का?

म्हटलं, बरी.

म्हटलं, कार्ड पाठवलं होतं मी. पोस्टानं हरवलं.

म्हणाली, पोस्टानं? पहिलं तर नीट पोहोचलं होतं.

लुपे नळाखाली हात धरून उभी होती. नळ बंद होता.

सेपोरा म्हणाली, आता पुढच्या वर्षी, पांढऱ्या रविवारीच, नातवंडांना घेऊन येते. कार्ड पाठवू नकोस.

भिंतीवर रग्बीचा फोटो परत लावला. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर चर्चमधून अजून मिळालेलं नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते. सेपोरा आणि मुलं: रविवार, १२ ऑक्टोबर.