मुशीच्या पिल्लांचा वाटा

शेंदूरजनाघाट,
८ डिसेंबर २००३

चि. पौर्णिमा हिस,
माणिकआत्याचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. डब्यातलं ते पांढरं हाड पाहून मी तुझ्या भावाले म्हटलं, अरे विपुल, हे तं समुद्रफेस! बाजारातला जडीबुटीवाला हेच उगाळून कानात घालायले देते, अन् लाटांचा फेस वाळून हे होते म्हणून सांगते. मीही जन्मभर तेच मानलं. आता तू लिहितेस की हे माकूल नावाच्या जिवाच्या पाठीतलं हाड आहे, त्या जिवाले तीन काळजं असतात अन् त्याचं रक्त निळं असते. मी मुद्दाम बाजारात जाऊन त्या जडीबुटीवाल्याले सांगितलं. तो म्हणाला, माणिकबाई, तुमची भाची शिकून लय बिघडली.

इकडे आंबिया बहारासाठी या हप्त्यात संत्र्याच्या बागेचं पाणी तोडलं. लहानपणी तू रडायचीस, झाडाले तहान लागली म्हणून कळशी घेऊन धावायचीस, आठवते? मग तुले समजावून सांगावं लागे, की हा ताण आहे, पानं मलूल झाली की पाणी सोडायचं, म्हणजे सारी बाग एका वक्ती फुलते. विहीर यंदा खाली गेली आहे खरी. शेजारच्या जानरावनं बोर मारली, दोन दिवस मशीनची घरघर, कोणाले झोप नाही. वरूडच्या रस्त्यानं संत्र्याच्या लाकडाचे ट्रॅक्टर जाताना दिसतात. मी तिकडे पाहत नाही.

एक खरं खरं लिही. मुशींच्या अभ्यासापायी तू कमरेइतक्या पाण्यात उतरतेस असं विपुल म्हणे. मुशी माणसाले चावते का? लग्नाचं या पत्रात विचारत नाही, पुढच्यात विचारीन. माया आहे तशीच दाट राहू दे.

तुझी
माणिकआत्या


मालवण,
२१ डिसेंबर २००३

ती. माणिकआत्यास,
पौर्णिमाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सुलोचनाकाकूंना वाचून दाखवलं. मी राहते ते घर त्यांचंच. जडीबुटीवाल्याचं ऐकून त्या इतक्या हसल्या की चुलीवरची भाकरी करपली. मुशी म्हणजे शार्कच, पण चावत नाही गं. इकडच्या मुशी बहुतेक माझ्या हाताएवढ्या असतात. जपायचं ते पाकटापासून. ते वाळूत चपट होऊन पडून राहतं आणि पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. म्हणून पाण्यात पाय उचलायचा नाही, घासत घासत चालायचं. काकूंनीच शिकवलं.

इथे रापण लावतात. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात गोल सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. बाया, म्हातारे, कोणीही. जो दोराला हात लावतो त्याला त्या दिवशीच्या मासळीतला एक वाटा. काकूंचे सासरे आबा या रापणीचे म्होरके. मीही रोज ओढते, माझ्या तळहाताला घट्टे पडलेत. वाट्यात मी अभ्यासाला हवी ती मासळी मागून घेते.

आता मूळ गोष्ट. खाडीच्या तोंडाशी रापण लागते तेव्हा मुशीची पिल्लं येतात. परवा एकाला उलटं धरलं, तर पोटावर नाळेची जखम अजून ओली. आत्या, मुशी इतर माशांसारखी लाखांनी अंडी घालत नाही. गाईसारखी पोटात पिल्लं वाढवते, जवळजवळ वर्षभर, आणि मोजकीच. ती वयात यायलाही वर्षं लागतात. म्हणजे ही जागा त्यांची बाळंतिणीची खोली आहे! जी मी दोन वर्षं शोधत होते ती माझ्या रोजच्या दोराच्या टोकाला निघाली. आणि ती पिल्लं रोज टोपलीत जातात, सुकवायला.

माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक सर म्हणतात, सरकारला कळवू, जाळी बंद करतील. पण मी या लोकांच्या ताटात जेवते. त्यांच्या पाठीमागे कळवलं तर काकूंना तोंड कसं दाखवू? नाही कळवलं तर थोड्या वर्षांत तिथे मुशीच उरणार नाही. मला सुचत नाही. तू काहीतरी सांग.

तुझ्या धाकाची आणि लाडाची सवय झालेली,
पौर्णिमा


शेंदूरजनाघाट,
३ जानेवारी २००४

चि. पौर्णिमा हिस,
आत्याचे आशीर्वाद, अन् सुलोचनाबाईंना माझा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी एकदा चष्मा लावून वाचलं अन् एकदा विपुलकडून वाचून घेतलं. मासोळीले नाळ असते ही ओळ मी त्याले पुन्हा वाचायले लावली. मी शाळेची पायरी चढली नाही, पेपराच्या पुड्या सोडून सोडून वाचायले शिकली, म्हणून समुद्रातलं मले काय समजणार. पण माणसांतलं थोडं समजते. पाठीमागे कळवू नको. जे सांगायचं ते त्यांच्या घरात बसून, त्यांच्यासमोर सांग. रागावतील तं रागावू दे.

अन् सांगताना बंद करा असं म्हणू नको. बंद म्हटलं की माणूस बिथरते. त्यांना आपल्या बागेचं सांग. आमीसुद्धा झाडाचं पाणी तोडतो, झाड मरावं म्हणून नाही, फुलावं म्हणून. त्या खाडीच्या तोंडाले थोडे दिवस ताण द्या म्हणावं. पिल्लं खोल पाण्यात गेली की पुन्हा जाळं टाका. पुढं तुमचीच मासोळी वाढणार.

इकडे सारं ठीक. पानं गळून राहिली, म्हणजे ताण बरोबर बसला. पाणी सोडायची वेळ आली आहे, विहिरीत मोटर उतरवायचं काम चालू आहे. तू काही काळजी करू नको, अन् पाण्यात पाय घासतच चाल.

आशीर्वादाची शिदोरी सोबत आहेच.
माणिकआत्या


मालवण,
२० जानेवारी २००४

ती. माणिकआत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं. काकूंच्या पडवीत सगळी रापणीची माणसं जमली होती. मी पिल्लू दाखवलं, ओली नाळ दाखवली. मग एकाने टोमणा मारला की घाटावरची बाई आता आम्हाला समुद्र शिकवणार. मी म्हटलं, समुद्र नाही, आमची संत्र्याची बाग सांगते. ताणाची गोष्ट त्यांनी लहान पोरांसारखी ऐकली. तहानेने झाड फुलतं यावर आबांचा विश्वासच बसेना. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, थट्टा तर करत नाहीस ना?

शेवटी ठरलं. शिमग्यापर्यंत खाडीच्या तोंडाशी रापण लावायची नाही, पलीकडच्या किनाऱ्यावर लावायची. तिकडे मासळी कमी लागते. काकू काजूच्या कारखान्यात जायला लागल्या आहेत, रात्री बोटं चिकाने काळी झालेली असतात. पण आबांची एक अट आहे. तुझी बाग फुलली की मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवायचं. नाही फुलली तर ते म्हणतात, तुझ्या आत्याचा ताण तिलाच लखलाभ!

तेव्हा फुलांची बातमी लगेच पाठव. इथे सगळे तुझ्या झाडांची वाट पाहून राहिले आहेत. बघ, तुझी भाषा मला इथेही सोडत नाही.

तुझी, आणि आता अख्ख्या रापणीची,
पौर्णिमा


शेंदूरजनाघाट,
२ फेब्रुवारी २००४

चि. पौर्णिमा हिस,
आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

बाग फुलली. परवापासून पांढरी कळी आहे, अन् सकाळी वास असा येते की रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवते. मधमाश्या घोंगावून राहिल्या. आबांना माझा दंडवत सांग, अन् म्हणावं तुमची माणिकबाई खोटं बोलत नाही. हे पत्र वाचून दाखव.

फार लिहीत नाही, डोळे दुखतात. सांभाळून राहा, मनातून काढू नको.
माणिकआत्या


अकोला,
१४ फेब्रुवारी २००४

ती. पौर्णिमाताईस,
विपुलचा सा. न. वि. वि.

कृषी महाविद्यालयाच्या होस्टेलवर बसून लिहितो आहे. घरून लिहिता आलं नसतं. ताई, बाग फुललेली नाही. पाणी सोडायची वेळ आली तेव्हा विहिरीत नुसता गाळ होता. जानरावकाका स्वतः येऊन म्हणाले, माझ्या बोरचं पाणी घ्या, पण त्यांच्या बोरमधूनही हवाच आली. टँकर येतो तो पिण्यापुरता. ताण लांबत गेला आणि झाडं वरून खाली वाळत आली.

आत्या रोज बागेत जाते आणि नखाने साल खरवडून पाहते, आत हिरवं आहे का. बाबांचंही ती ऐकत नाही. तुला कळलं तर तू काम टाकून घरी येशील, म्हणून तिने मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. ते फुलांचं पत्र तिने माझ्यासमोर लिहिलं. लिहिताना हसली, मग उठून आत गेली. मी दोन आठवडे गप्प बसलो. पण तुझ्या लोकांनी त्या पत्रावर जाळं उचलून ठेवलं आहे हे आठवलं की मला जेवण जात नाही. काय करायचं ते तू ठरव. माझ्यावर राग धरू नकोस.

तुझा
विपुल


मालवण,
१ मार्च २००४

ती. माणिकआत्यास,
सा. न. वि. वि.

मला विपुलने सांगितलं. त्याला रागावू नकोस. तुलाही मी रागावणार होते, चार ओळी लिहिल्याही, मग फाडल्या.

तुझं फुलांचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. त्या दिवशी आबांनी सर्वांना गूळ वाटला होता. म्हणून विपुलचं पत्रही मी तिथेच, त्याच पडवीत वाचलं. मग एक तरुण गडी उठला आणि म्हणाला, या घाट्यांच्या वाळक्या झाडांपायी आम्ही चुली थंड ठेवल्या. आबा एवढंच म्हणाले की तुझ्या आत्याकडे ताण होता, पण पाणी नव्हतं. आमच्याकडे तरी ताण सोसायला शिल्लक कुठे आहे? काकू काजूच्या चिकाने भरलेले हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी रापण लागली. मी गेले. कोणी हाक मारली नाही, पण माझा हात दोरावरून कोणी काढलाही नाही. जाळं वाळूला लागलं तेव्हा पिल्लं जिवंत होती, तडफडत होती. वाटे पडायला लागले आणि मला एकदम सुचलं. मी आबांना म्हटलं, मला दुसरी कुठलीच मासळी नको, माझा सगळा वाटा मुशीच्या पिल्लांत द्या. आत्ताच्या आत्ता. तोच तरुण गडी म्हणाला, ही परत पाण्यात सोडणार. आबांनी त्याला झापलं की दोर ओढणाऱ्याचा वाटा त्याचा. तो खाईल, विकेल नाहीतर समुद्रात टाकेल, रापणीत ते विचारायची रीत नाही.

मी घमेल्यात पाणी भरून पिल्लं नेली आणि सोडली. एक माझ्या पायाशीच घुटमळलं, मग गेलं. तेव्हापासून रोज हेच. लोक हसतात. अभ्यासाला एकही पिल्लू उरत नाही, फक्त सोडण्याआधी मापं घेते. सरांना लिहिलं आहे की सरकारला इतक्यात कळवू नका. त्यांचं उत्तर कडक आलं.

पण आत्या, एका माणसाचा वाटा तो केवढा? त्यात बसतील तेवढीच पिल्लं माझी. बाकीची डोळ्यांदेखत टोपलीत जातात. काकूंना मी मागू शकत नाही, त्यांच्या घरात तोच वाटा शिजतो. आणि ज्या दिवशी मी दोरावर नसेन त्या दिवशी माझा वाटा नाही. मला तुझ्याकडे यायचं आहे. तुला एकटीला बागेत साल खरवडताना मी डोळ्यांपुढून काढू शकत नाही. पण मी निघाले तर इथे एकही पिल्लू परत जाणार नाही. येऊ का राहू, तूच सांग. तू म्हणशील तसं करीन.

तुझी
पौर्णिमा


शेंदूरजनाघाट,
११ मार्च २००४

चि. पौर्णिमा हिस,
आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

येऊ नको. इथं येऊन पाहायसारखं काही उरलं नाही. सोमवारी बाग तोडली. जानरावनं माणसं आणली, मी स्वतः उभी राहिली. ज्या झाडाच्या सालीखाली थोडं हिरवं होतं त्याले हात लावू दिला नाही, बाकी सारी गेली. तुझा बाप अन् जानराव त्या दिवशी मले नुसता चहा पाजत राहिले. चहा गोड किती, विचारू नको.

खोटं लिहिलं ते लिहिलं. तुले घरी ओढायचं नव्हतं, अन् खरं सांगते, लिहिता लिहिता मले क्षणभर वास आला. पण माझ्या त्या एका पत्रापायी तिथल्या बायांनी काजू सोलून हात जाळून घेतले, हे समजल्यापासून भाकर गोड लागत नाही. आबा बरोबर बोलले. ताण देणं माझ्या हाती होतं, पाणी माझ्या हाती नव्हतं. तरी मी तुले शहाणपण शिकवलं.

म्हणून असं ठरवलं आहे. विपुल मले अकोल्याहून गाडीत बसवून देणार आहे, पुढं गाडी बदलायची ते त्यानं कागदावर लिहून दिलं. सुलोचनाबाईंच्या पायाशी बसून माफी मागायची आहे, ते पत्रानं होत नाही. त्या तरुण गड्यालेही म्हणावं, काहून खोटं लिहिलं ते घाट्याच्या म्हातारीले तोंडावर विचार. अन् दोराले हात लावील त्याले वाटा म्हणतेस, तं माझे हात रिकामे आहेत, बागेचं काम संपलं. तुझ्या घमेल्यात न मावलेली पिल्लं माझ्या वाट्यात मागून घे. म्हाताऱ्या बाईले दोर धरू देतात का, एवढं आबांना विचारून ठेव. नाही म्हटलं तरी मी येतेच.

अन् एक. मले पोहता येत नाही, समुद्र कधी पाहिला नाही, भेव लय वाटते. दोर ओढताना काठावरच उभं राहतात ना, ते तेवढं लिहून पाठव.

भेटीपर्यंत जीव तुझ्यापाशीच ठेवला आहे.
तुझी
माणिकआत्या