तापलेला डबा आणि पाचवा सभासद

तीर्थस्वरूप इवाओदादास,

छपरावर एक मीटर दहा सेंटीमीटर बर्फ असताना (आज सकाळी सहा वाजता, पट्टीने मोजलेलं, ओनोदेरा सव्वा मीटर म्हणतो, पण तो नजरेने मोजतो) धाकट्या तामोत्सुचा वाकून नमस्कार. तिकडे चिबात म्हणे प्लमच्या झाडांना कळ्या आल्या. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? नातीचे दात? (शेवटच्या प्रश्नाबद्दल मला खात्री नाही. नववर्षाच्या कार्डावरच्या फोटोत नव्हते, आता आले असावेत.) इकडे सगळं ठीक. बायको आठवण सांगते, आणि मुळ्याचं लोणचं पोचलं का विचारते. पोचलं असेल तर कळव. नसेल तर कळवू नकोस, कारण पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे होतं.

पत्र लिहायला विशेष कारण काही नाही. नऊ वर्षं आपण एकमेकांना नववर्षाची छापील कार्डं पाठवतोय, त्यावर हाताने फक्त 'तब्येतीस जपावे' एवढंच असतं, म्हणून म्हटलं, एकदा शाईने लिहावं.

आपल्या रेडिओ क्लबाचं काय झालं ते सांगतो. तू गाव सोडलंस तेव्हा आपण एकतीस जण होतो. समाजमंदिराच्या वरच्या खोलीत रविवारी जायचं तर जिन्यावर चपला काढायला जागा नसायची. स्टेशनसमोरच्या दुकानात सुट्या भागांसाठी रांग लागायची, आणि ज्याच्या छपरावर अँटेना नाही त्याला मुलगी द्यावी की नाही याचा लोक विचार करत (हे ओनोदेराचं म्हणणं. त्याच्या छपरावर दोन होत्या, तरी त्याचं लग्न चाळिशीत झालं). ब्राझील, फिनलंड, सायबेरिया, कुठकुठली कार्डं भिंतभर लागलेली. हवेतून बोलणं झालं की पोच म्हणून कार्ड पाठवायचं ही आपली रीत. कार्ड आल्याशिवाय बोलणं झालं असं मी अजूनही धरत नाही. ती कार्डं आजही जागच्या जागी आहेत, फक्त उन्हाने निळ्याची पांढरी झालीत. आणि माणसं उरलीत तीन : मी, बर्फ उपसायच्या गाडीवरचा ओनोदेरा, आणि शिबाए न्हावी. शिबाएकाका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते बैठकीला वेळेवर येतात, खुर्चीत बसतात आणि झोपतात.

गेल्या उन्हाळ्यात समाजमंदिराच्या कारकुनाची चिठ्ठी आली. खोली नोंदलेल्या मंडळांसाठी आहे, नोंदणीला पाच सभासद लागतात, मार्चअखेर पाच झाले नाहीत तर खोली हुला नाचाच्या वर्गाला देण्यात येईल. मी भांडायला गेलो. तो फार नम्र मुलगा आहे. म्हणाला, "होसोयासान, अकरा वर्षांत तुमच्याकडे एकही नवं माणूस आलेलं नाही. याला मंडळ नाही हो म्हणत. याला तीन गृहस्थ चहा पितात असं म्हणतात." (आम्ही चहा पीत नाही. भाजलेल्या जवाचं पाणी पितो. हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. उपयोग झाला नाही.)

तेव्हा ठरलं की नवी माणसं आणायची. ऑक्टोबरात नदीपात्रात गावाचं इमोनी असतं, अख्खा गाव अळकुड्यांचा रस्सा ओरपायला जमतो, तिथे मांडव टाकायचा आणि लोकांना प्रत्यक्ष हवेवर बोलायला लावायचं. (हल्ली परवाना नसलेल्यालाही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली बोलता येतं. आपल्या वेळी हे असतं तर तू मला कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपवून माइक दिला नसतास.) मी दोनशे पत्रकं छापली, सहा मीटरचा खांब उभा केला, तारेची लांबी तीनदा मोजली. ओनोदेरा म्हणाला, "अरे तामोत्सु, लग्नाच्या कपड्यांचं मापही इतकं घेत नाहीत." मी लक्ष दिलं नाही. ज्याने अकराव्या वर्षी, कोणीही न शिकवता, स्वतःच्या हिकमतीवर पहिला रेडिओ बोलता केला, त्याला मोजमापाचं महत्त्व ओनोदेराकडून ऐकायचं नसतं.

सकाळी सेट तपासताना आकाशात कचरा फेकू नये, दुसऱ्यांच्या बोलण्यात खरखर करू नये, म्हणून मी नेहमीप्रमाणे तो डमीला जोडला. तुला डमी आठवत असेल : रंगाचा जुना डबा, आत तेल, तेलात रोधक. अँटेनेऐवजी याला जोडलं की सेटची सगळी ताकद हा डबाच पिऊन टाकतो, बाहेर काही जात नाही. सभ्य माणसाचं यंत्र आहे. तपासणी उत्तम झाली. दहा वाजता मांडवापुढे चौदा माणसं उभी राहिली (पंधरावं कुत्रं होतं), आणि मी माइक उचलून सर्वांना हाक मारली.

कोणी बोललं नाही. पुन्हा मारली. सामसूम. साधी खरखरसुद्धा नाही. आता तू म्हणशील, तिथेच तुझ्या लक्षात यायला हवं होतं. दादा, चौदा माणसांसमोर कोणाच्याच लक्षात काही येत नाही. मी फळ्यावर सूर्य काढला. सूर्यावर डाग काढले. वातावरणाच्या वरच्या थरांनी आज दार कसं लावून घेतलंय ते पन्नास मिनिटं समजावलं, आणि अधूनमधून पुराव्यादाखल पुन्हा हाका मारून दाखवल्या, शंभर वॉटने. चौदाची चार झाली. त्यातले एक शिबाएकाका होते, आणि ते झोपले होते.

शेजारच्या मोठ्या पातेल्यावर किकुएकाकू होत्या. (धरणाच्या रस्त्यावर टोफूचं दुकान होतं, त्या. नवरा गेल्यावर दुकान बंद केलं. आता सदुसष्टच्या आहेत.) वारा बोचरा होता, म्हणून त्यांनी भाताचे मुटके गरम राहावेत या हेतूने, मला न विचारता, माझ्या मांडवातल्या एका डब्यावर आणून ठेवले होते. थोड्या वेळाने मुटके बघायला आल्या, आणि सूर्याचं चाललेलं असताना मध्येच म्हणाल्या, "मास्तर, तुमची ही शेगडी गमतीची आहे. तुम्ही बोललात की तापते, गप्प बसलात की निवते."

"काकू, जरा थांबा. मी यांना सूर्यावरचे डाग सांगतोय."

"सांगा की. सूर्य कुठे पळून जातोय? पण तुमची ही जाडी वायर त्या खांबाकडे जातच नाही. शेगडीत जाते."

मी बघितलं. ओनोदेराने बघितलं. मग ओनोदेरा जो हसायला लागला तो रश्श्याचा वाडगा खाली ठेवून, गुडघ्यांवर हात ठेवून हसला. "पन्नास मिनिटं!" तो म्हणत होता, "सूर्याला शिव्या घातल्यास रे, सूर्याला!" पन्नास मिनिटांत माझ्या शंभर वॉटने जगात एकच गोष्ट केली होती : सहा मुटके कोमट ठेवले होते.

वायर बदलल्याबरोबर सेटमधून अख्खा देश बोलू लागला. मी माइक किकुएकाकूंच्या हातात दिला. दक्षिणेच्या बेटावरच्या कोचीहून एका निवृत्त होडीवाल्याने उत्तर दिलं. 'ओव्हर' म्हणायचं हे त्यांना सांगायचं राहिलं, आणि दोघं अकरा मिनिटं इमोनीवर बोलली. रश्श्यात गाईचं मांस आणि सोया सॉस, का डोंगरापलीकडच्यांसारखं डुकराचं आणि आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो? ("मिसो घातलं की ते डुकराचं सूप झालं हो! त्याला इमोनी म्हणायचं म्हणजे फाजीलपणा.") माइक ठेवला तेव्हा त्यांचे डोळे बघण्यासारखे होते. म्हणाल्या, "मुलगा-सून शहरात, घरात बोलायला माणूस नाही, आणि हा माणूस समुद्रापलीकडे बसलाय. मला शिकायचंय. सही कुठे करू?"

झाले चार. आनंद फार टिकला नाही. कारण शिकवायचं मला होतं.

मी पद्धतशीर सुरुवात केली. पहिल्या गुरुवारी ठिणगीच्या यंत्रांचा इतिहास. दुसऱ्या गुरुवारी काचेच्या नळ्या. तिसऱ्या गुरुवारी काचेच्या नळ्या, पुढे चालू. काकूंनी वही मिटली. "मास्तर, मी सुनेला टोफू करायला शिकवलं तेव्हा सोयाबीन कुठल्या देशात जन्मलं ते नाही सांगितलं. आधी तिचे हात पाण्यात घालायला लावले. तुम्हाला हे सगळं कोणी शिकवलं हो?"

मी ताठ बसलो. "कोणी नाही. माझं मी."

"वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि छत्री घेऊन गेल्या. पुढचे दोन गुरुवार आल्या नाहीत.

दादा, तीन माणसांच्या खोलीत चौथी खुर्ची काढून ठेवायची आणि ती रिकामी बघायची, हे अठ्ठावीस माणसं गेल्यापेक्षा वाईट असतं. ओनोदेराने ती खुर्ची माझ्याकडे न बघता घडी करून भिंतीला लावली. त्याचा मला त्याच्या हसण्यापेक्षा जास्त राग आला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी न्हाणीत शिरत होतो. आमचं पाणी तापवायचं यंत्र हल्ली बाईच्या आवाजात सांगतं, 'स्नानाचं पाणी तयार आहे.' मी म्हटलं, हिला कोणी विचारलं? लहानपणी आपल्या घरी पाणी तयार आहे की नाही ते टबातला माणूस सांगायचा, बाहेर लाकडं घालणाऱ्याला. आणि मी तिथेच, टॉवेल हातात, उभा राहिलो. (बायकोने बाहेरून विचारलं, मेलात का?)

तू टबात असायचास. मी बाहेर चुलाण्यापाशी, पाठीला बर्फ आणि तोंडाला धूर. आणि तू ओरडायचा आळस करायचास. फळीवर टकटक करायचास. चार छोटे ठोके म्हणजे 'नु', 'नुरुइ'मधला. पाणी कोमट आहे, लाकूड घाल. दोन लांब, एक छोटा, दोन लांब म्हणजे 'आ', 'आत्सुइ'मधला. कढत झालं, पुरे. पुढे पुढे सबंध वाक्यं यायला लागली : आज शाळेत काय झालं, आईने तांदळाची गोड मोची कुठे लपवलीय. मी उत्तरं लाकडाने भिंतीवर ठोकायचो. अकराव्या वर्षी मी परीक्षेला बसलो तेव्हा मला मोर्स येत होतं आणि ते कुठून आलं हे मला माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, मला कोणी शिकवलं नाही. (दोनदा 'आ' ऐकूनही मी मुद्दाम लाकूड घातलं होतं. तू लाल होऊन बाहेर आलास. ते चुकून नव्हतं. हे आज नोंदवून ठेवतो.)

दुसऱ्या दिवशी मी सेट, वायर आणि तो डबा घेऊन किकुएकाकूंच्या दारात गेलो. म्हटलं, "काकू, चुकलं. मला शिकवणारा होता. तो अंघोळ करत होता म्हणून दिसला नाही."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "या आत," म्हणाल्या, "मुटके करते. शेगडी आणलीच आहे तर."

त्यानंतर मी इतिहास सांगितला नाही. हातात वायर दिली, सोल्डर करायला लावलं. जिने चाळीस वर्षं ओला टोफू तळहातावर धरून न मोडता कापला, तिचा हात सोल्डर करताना काय हलणार? माझ्यापेक्षा नीट जोड देतात. (हे ओनोदेराला सांगितलेलं नाही.) जानेवारीत परीक्षा झाली. चोवीसपैकी बावीस. उरलेल्या दोनांपैकी एक प्रश्नच चुकीचा होता असं माझं मत आहे आणि मी तसं कळवलंय. त्यांच्या स्वतःच्या रेडिओ केंद्राचा परवाना सोमवारी आला. काकूंनी तो देव्हाऱ्यात नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवला आणि मला म्हणाल्या, "पहिली हाक कोणाला मारायची ते मी ठरवलंय." कोणाला ते पुढे येतं.

तर असं सगळं आहे. वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद, गुडघ्यावर गरम शेक. (ओला नव्हे, कोरडा.)

तुझा,
तामोत्सु

ता. क. सोबत एक अर्ज आहे. क्लबात चार झाले, पाचवा हवा, आणि नियमात लिहिलंय की एक सभासद मूळचा गावचा पण बाहेरगावी राहणारा चालतो (कलम सात, मी खाली रेघ मारलीय). चौकटीत सहीऐवजी तुझ्या नावाचा शिक्का मार. चौकटीबाहेर जाऊ देऊ नकोस, तो कारकून परत पाठवतो.

आणखी ता. क. वेगळ्या खोक्यात एक छोटा सेट येतोय. तुमच्या इमारतीत अँटेना लावू देत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून कपडे वाळवायच्या दांडीला गुंडाळता येईल अशी बारीक तार घेतलीय. लांबी तीनदा मोजली आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी बरोबर दहाला ऐक. आकडा सेटवर चिकटवलाय. काकूंची पहिली हाक 'मास्तरांच्या मास्तरांना' आहे. तुझा केंद्राचा परवाना संपलाय, तेव्हा उत्तर देऊ नकोस. माइक मी काढूनच घेतलाय, तुझा स्वभाव मला माहीत आहे. ऐकू आलं तर फोन कर. बोललं नाहीस तरी चालेल, आपल्याला सवय नाही. रिसीव्हरवर चार छोटे ठोके दे. मी लाकूड घालीन.

शेवटचं ता. क. खोकं पोस्टात देऊन आलो. घरी आल्यावर बघतो तर तार टेबलावरच आहे. उद्या वेगळी पाठवतो, लोणच्याबरोबर. काकूंना कळू देऊ नकोस. आणि खरं सांगायचं तर काकूंच्या नणंदेने गेल्या मंगळवारी नाव घातलं, म्हणजे पाच पुरे झाले, खोली वाचली, तुझ्या शिक्क्यावाचून काही अडलेलं नाही. तरी मार.