केरू मयेकरांचा वाटा

मी, चिमा कोम केरू मयेकर, वय वर्षे एकसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार भाट्ये, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवीत आहे. माझे हृदय अधू झाले आहे, डोके नाही. डॉक्टरांनी खात्रीसाठी आजचा वार विचारला तेव्हा मी त्यांना एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात माझ्या यजमानांचा उल्लेख एका ओळीत उरकला होता, म्हणून तो बाजूला ठेवला आहे.

१. माझे यजमान कै. केरू जानू मयेकर मुंबईच्या एका हॉटेलात जाझ बँडमध्ये ट्रंपेट वाजवीत. सोळाव्या वर्षी त्याच हॉटेलात बश्या धुवायला लागले आणि तिथल्या गोंयकार वादकांकडून शिकले. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षे ते मुंबईला आणि मी इथल्या शाळेत. वर्षातून एक महिना घरी येत. रोज सकाळी सुरूच्या बनात उभे राहून दम टिकवण्यासाठी एकच सूर लांबवीत. पहिल्या वर्षी तो भोंगा वाटून, मुंबईची बोट लागली असे समजून शेजारची मथुरा म्हातारी गाठोडे घेऊन बंदराकडे निघाली होती. त्या लांब सुरालाच मी जाझ समजत होते आणि शाळेत त्याची बाजू घेऊन तावातावाने भांडत होते.

एकदा मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला गेले. बँडवाल्यांच्या घरच्यांना हॉटेलात मागच्या दाराने घेत. हे म्हणाले, “तुला भटारखान्यातून नेणार नाय. नेईन तर पुढल्या दारानं.” तो योग आला नाही. रेडिओवर सिनेमाच्या गाण्यात कधी त्यांचा तुकडा येई, पण “हा माझा” म्हणून बोट वर करीपर्यंत संपलेला असे. त्यांच्या नावाची तबकडी एकही नाही. शेवटचे दोन महिने ते घरी होते, तेव्हा छातीत फुंकर घालण्यापुरतीही हवा उरली नव्हती. माझा हात जवळ ओढून मनगटावर तीन बोटे चालवीत. मी विचारी, “काय वाजवताय?” म्हणत, “ऐक गो.” मी कान देऊन बसे. मला काहीही ऐकू येत नसे.

या कलमाने कशाचीही वाटणी होत नाही. तरी ते काढू नये.

२. भाट्ये येथील राहते घर, विहिरीतील निम्मा हक्क व वाडीतले माझ्या हिश्शाचे माड माझे दीर दाजी यांची मुलगी शकू हिला द्यावेत. आजारपणात तिने मला न विचारता पेज आणून दिली आणि न विचारता भांडी घासली. मात्र कलम ६ मध्ये लिहिले आहे ते घडले नाही, तर हे सर्व शाळेला जाईल. शकू, बाळ, ही अट तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. तुझ्या वडिलांना मी ओळखते म्हणून आहे.

३. शाळेने निरोपाच्या वेळी दिलेले भिंतीवरचे घड्याळ शाळेला परत करावे. ते मागे पडते, आणि दिले त्या दिवशीही मागेच पडत होते. पितळेचा मोठा हंडा शेजारच्या हौसाला द्यावा. मागून नेलेला तिने कधी वेळेवर परत केला नाही. आता परत करण्याची कटकट नको. पोस्टाच्या पुस्तकातील शिल्लक माझ्या दिवसकार्याला, मुंबईहून येणाऱ्यांच्या प्रवासाला आणि पुढील कलमातील दुरुस्तीला वापरावी.

४. ट्रंपेट. हे गेल्यावर दर शनिवारी मी तो देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि राख लावून घासत आले. माझ्या समजुतीप्रमाणे पितळ ते पितळ. वरचा मुलामा निघून गेला आणि तीन कळांपैकी मधली अडकून बसली. हे मी मिंगेलना कळवलेले नाही, इथेच प्रथम लिहीत आहे. ट्रंपेट मिंगेलना द्यावा. मिंगेल यांच्याच बँडमधले, माणसाहून उंच असे उभे व्हायोलिन वाजवतात. त्यांनी तो नीट करून वाजवणाऱ्या माणसाला द्यावा. भिंतीवर टांगू नये.

५. डिसेंबर १९८१ मध्ये हे गेले. दहाव्या दिवशी सकाळी मिंगेल आणि आणखी दोघे मुंबईहून एस.टी.ने उतरले. ते उभे व्हायोलिन गाडीच्या टपावर दोरांनी बांधून आणले होते. एकाजवळ क्लॅरिनेट, एकाजवळ ढोल. अंगणात चपला काढून मिंगेल म्हणाले, “वहिनी, आम्ही केरूला वाजवून निरोप देणार. थोडाच वेळ. मग जाणार.”

दाजी भावोजी पडवीतून ओरडले, “सुतकाच्या घरात वाजाप? लगीन हाय काय हितं?”

मिंगेलनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मी एवढी शिकलेली, चाळीस-चाळीस पोरांना एका नजरेने गप्प करणारी, कुंपणापाशी जमलेल्या बायकांकडे पाहिले आणि म्हणाले, “आज नको.”

“मग कधी?” त्यांनी विचारले. मी पदर तोंडाला लावून आत गेले. त्यांनी कोरा चहा घेतला आणि दुपारच्या गाडीच्या टपावर ते व्हायोलिन पुन्हा चढवले.

माझ्या माणसाला बँडबरोबर वाजवताना मी कधी ऐकले नाही. त्याच्यासाठी वाजवायला माणसे दारात आली, तीही मी परत पाठवली. दाजी भावोजी ओरडले हे खरे, आणि त्याबद्दल मी त्यांना क्षमा केली आहे असे कोणी समजू नये. पण विचारले मला होते. नको मी म्हटले. त्या दिवसापासून जेवताना, निजताना, नळावर, बाजारात, मला तेच ऐकू येते, माझे “आज नको”.

६. नंतर मिंगेलनी पत्र लिहिले. त्यांच्या संगीतात आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेकाचा वाटा येतो. त्या वेळात तो मनाला येईल ते वाजवतो आणि बाकीचे नुसता ठेका धरतात. हॉटेलात त्यांनी यांची आवडती चाल घेतली आणि यांचा वाटा आला तेव्हा कोणीच वाजवले नाही. ठेका तेवढा चालू ठेवला. गिऱ्हाइकांना वाटले, वादक विसरले.

माझी सूचना अशी. मी गेल्याबरोबर शकूने मिंगेलना तार करावी. पत्ता ट्रंपेटच्या पेटीत आहे. घरची माणसे मुंबईला असली की ती येईपर्यंत प्रेत थांबवतात, ही आपल्याकडची रीत आहे. मला मूल नाही. माझी मुंबईची माणसे ती हीच. ती येईपर्यंत मला थांबवावे. आल्यावर त्यांना पुढल्या दाराने घ्यावे, अंगणात माझ्याजवळ उभे करावे आणि तीच चाल वाजवायला सांगावे. सुतक माझे असेल, तेव्हा परवानगीही माझीच. यांचा वाटा येईल तेव्हा कोणी रडू नये, बोलू नये, नारळ-उदबत्तीची घाई करू नये. हे काय वाजवतील ते मला ठाऊक नाही. पण यांचे वाजवून पुरे होईपर्यंत मला उचलू नये.

७. दाजी भावोजींना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. ज्याला काही मिळत नाही तो चांगला साक्षीदार, असे वकील म्हणाले. म्हणून त्यांना बोलावले आहे. त्यांनी सर्व मजकूर मोठ्याने, मला ऐकू येईल असा वाचावा आणि मग सही करावी.

हे मी शुद्धीवर, चष्मा लावून, एकाच बैठकीत लिहिले. याआधीचे कोणतेही लेखन असल्यास ते रद्द समजावे.

सही: चिमा केरू मयेकर
मुक्काम भाट्ये, दिनांक १२ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार १: डॉ. वसंत गोविंद पटवर्धन, रत्नागिरी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २: दाजी जानू मयेकर, भाट्ये. मजकूर मोठ्यानं वाचला. पाचवं कलम वैनीनी दोनदा वाचायला लावलं, दोनदा वाचलं. मुंबईची माणसं येईपर्यंत थांबवायची जबाबदारी माझी.