कमी शिकलेलीच पाहिजे

आई, तू गेलीस तवा मी तिसरीत व्हते, आन आता मी तुझ्याच जागेवर कामाला हाय. तुझी म्हणायची, पण ती जागा आता तुझी राहिली न्हाई. कॉलेजच्या मागली ती आंधळ्या-पांगळ्या पोरींची खोली, जिथं तू कोपऱ्यात स्टोव्ह मांडून होस्टेलच्या पोरींना चहा-भाकर करायचीस, तिथं आता एजन्सीचं टेबल हाय आन टेबलावर फोन. कॉलेजनं हे सगळं काम ठेक्यावर देऊन टाकलं. पोरींना वर्गात न्यायचं, पुस्तकं वाचून दाखवायची, पेपराला त्या सांगतील ते लिहून घेणारा रायटर द्यायचा, सगळं एजन्सीकडं. साहेब औरंगाबादला बसतो, हितं त्याचा सुपरवायझर. दारावर मोठा बोर्ड लावलाय, 'सहायता सेवा'. तुझ्या टायमाला बोर्ड न्हवता. पोरी नुसतं "मावशे" म्हणायच्या आन तू पिठाच्या हातानं तशीच पळायचीस. आता पोरींनी टेबलापाशी येऊन नाव सांगायचं, मग सुपरवायझर बघणार आज कोण मोकळं हाय.

त्या खोलीत तू मला एकदाच मारलंस. एका आंधळ्या पोरीचा हात धरून मी तिला नळाकडं वढत नेत व्हते, तर तू मागनं येऊन पाठीत धपाटा घातलास. म्हणलीस, "ती काय शेरडू हाय का वढायला? तू पुढं हो, तिला तुझं कोपर धरू दे. तिची ती येती." मी दिवसभर रुसून स्टोव्हमागं बसले. दोन-चार दिवसांनी तू माझ्यासाठी पैंजण आणलेस, चांगले घुंगराचे. मला वाटलं, मारलं म्हणून लाड करतीस. तर तू पायात घालता घालता म्हणलीस, "तू तर तोंड उघडत न्हाईस. तू उभी हाईस हे पोरींना कळावं कसं? निदान पाय तरी बोलू दे."

तोंड पुढंबी उघडलं न्हाई, आई. आठवीनंतर शाळा सुटली ती त्याच्याच पायी. बाई उभं करायच्या, उत्तर मला येत असायचं, पण गळ्यातनं शब्द निघायचा न्हाई आन सगळा वर्ग हसायचा. मग मी जायचंच बंद केलं. घरी कुणी कावून म्हणून विचारलंबी न्हाई, शेरडामागं माणूस पाहिजेच व्हतं. एजन्सीच्या सुपरवायझरला मात्र लई आनंद झाला. रायटर परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो, असा नियमच हाय. जास्त शिकलेला असला तर तो आपल्या मनानं उत्तर लिहील ना. मी आठवी, अक्षर चांगलं, तोंडात शब्द न्हाई. तो म्हणला, अशीच पाहिजे व्हती. माझं न शिकणं पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला आलं.

मला चकलांब्याची एक ताई दिली. जन्मापासनं डोळे न्हाईत, बी.ए.चं शेवटचं वर्ष. भावानं तिला सांगितलेलं, पास झालीस तर बी.एड.ला घालतो, न्हाई तर घरी चल. मी तिला रोज वाचून दाखवायची. माणसांपुढं माझा आवाज निघत न्हाई, पण पुस्तकातलं वाचताना निघायचा, तोबी बारीक. पेपरात ती भराभर सांगायची, मी लिहायची. नवीन मुद्दा आला की ती अंगठ्यानं बाक वाजवायची. मी मागं राहिले की पाय हलवायची, घुंगरू वाजलं की ती थांबायची. "थांबा" म्हणायची पाळी माझ्यावर कधी आली न्हाई. सगळे पेपर आमी असेच लिहिले, एक शेवटचा सोडून.

त्या दिवशी इद्यापीठाचे लोक केंद्र बघायला येणार व्हते. सुपरवायझरनं मला सकाळीच सांगितलं, तू आज चहाचं बघ, पावण्यांपुढं तुला बोलता येत न्हाई. ताईच्या पेपराला त्यानं दुसरा रायटर आणला, बी.कॉम. झालेला, टाय लावलेला. आपली माणसं किती शिकलेली हाईत हे पावण्यांना दिसावं म्हणून. आई, एवढं मोठं ऑफिस, एवढा मोठा बोर्ड, आन त्यांना रायटरचा पहिला नियम ध्यानात न्हाई. मी चहाचा ट्रे घेऊन वऱ्हांड्यात उभी हाय आन आत परीक्षेचे सर म्हणतात, हा मुलगा चालणार न्हाई, हा तर पेपर देणाऱ्या मुलीपेक्षा जास्त शिकलाय. सुपरवायझर म्हणतो, "सर, एवढा हुशार मुलगा दिलाय, बघा तर." ताई म्हणली, "त्याचा टाय मला काय कामाचा? मला दिसतोय का? माझी रोजची पोरगी द्या."

मी ट्रे खिडकीत ठिवला आन आत गेले. मी बोलले, आई. सगळ्यांपुढं, मोठ्यानं.

"मी लिहिते. मी आठवी हाय."

सरांनी माझ्याकडं बघितलं, त्यांना पटलं व्हतं. त्यांनी सुपरवायझरला इचारलं, हिला बसवू का? तो म्हणला, "हिची आज ड्युटी न्हाई सर. उद्या काय झालं तर एजन्सी जिम्मेदार न्हाई." मग सर म्हणले, तुमच्या साहेबाला तेवढं इचारा, मी बसवतो. सुपरवायझर फोन लावत राहिला, औरंगाबादचा फोन लागंना. ताई बाकावर हात ठिवून बसलेली, पुढं कोरा पेपर. मी तिच्या शेजारी उभी, पेन माझ्याच हातात. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासानंतर रायटर बसवता येत न्हाई, हाबी नियमच. अर्धा तास झाला. बाहेर पावणे चहा कुठं हाय म्हणून इचारत व्हते.

ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं, असं सर म्हणले. भाऊ म्हणला, बास झालं आता. स्टँडवर गेवराईच्या गाडीपातूर ताई माझं कोपर धरून आली. म्हणली, "तुझा आवाज असा हाय व्हय. मला वाटलं नुसता बारीकच हाय." भावानं तिला दंडाला धरून गाडीत चढवलं, वढतच.

पावण्यांनी केंद्राला शाबासकी दिली. ठेका पुढं वाढला. मी अजून तिथंच हाय, उद्या दुसरी पोरगी येणार हाय अंबाजोगाईची.

हे कागद तुला धाडायचे कुठं. आन तू असतीस तरी, तुला वाचता येत न्हवतं म्हणून, दुसऱ्याकडनं वाचून घ्यावे लागले असते, आन एक गोष्ट मला दुसऱ्याच्या तोंडानं तुला ऐकवायची न्हाई. मला ताईचं वाईट वाटलं, लई वाटलं. पण रडले ते तिच्यापायी न्हाई. तिचा एकेक पेपर लिहिताना मला वाटायचं, मीच बी.ए. करतेय. कुणाला सांगितलं न्हाई. शेवटचाच पेपर राहिला व्हता माझा.