रुखसतीचा तुकडा

१२ नोव्हेंबर २००७
दिवाळी संपली, कटकट सुरू. सकाळी कॉम्प्युटर लावला तर विंडोज उघडेचना. निळा पडदा, मग काळा. आतून हार्डडिस्क टकटक वाजतेय. जुन्नरच्या रेहानाच्या निकाहचं सगळं शूटिंग तिच्यात आहे. आणि कॅसेट? त्याच कॅसेटवर ह्यांनी बोरी गावचा साखरपुडा घेतला! वर मलाच, "तू कॉम्प्युटरात उतरवलं व्हतं ना? मग नवी कशाला फोडायची?" शंभरदा सांगितलंय, गिऱ्हाइकाच्या हातात सीडी पडेपर्यंत कॅसेट पुसायची नाही. स्टुडिओच्या पाटीवर नाव ह्यांचं, निस्तरायला मी.

१३ नोव्हें.
रेहानाचा भाऊ अल्ताफ दुकानात आला. मी समोर बसलेली, तरी "वहिनी, भाऊ कुठंयत? कॉम्प्युटरचं बोलायचं व्हतं." कॉम्प्युटर मी चालवते. मिक्सिंग मी करते, अल्बम मी लावते. सगळ्या गावात हे कुणाला दिसत नाही!
पण पुढचं ऐकलं आणि राग विसरले. त्यांचे अब्बा गेले. लग्न होऊन पंधरा दिवस झाले नसतील. पत्र्याच्या पेट्या बनवायचे. घरात त्यांचा एक फोटो नाही, वोटिंग कार्डावरचा तेवढा, त्यात डोळे मिटलेले. रेहाना रविवारी परत सासरी भिवंडीला जाणार.
मला अब्बा आठवतात. दिवसभर जेवणाच्या देगीपाशी होते, कॅमेरा आला की पाठ फिरवायचे. फक्त अगदी शेवटच्या तुकड्यात, रुखसतीला, म्हणजे पाठवणीला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलतात. काय, ते माहीत नाही. मी आवाज बंद करून उतरवते, घरात टीव्ही चालू असतो म्हणून.
अल्ताफला म्हटलं, आहे सगळं. काय म्हणणार दुसरं?

१४ नोव्हें.
दुरुस्तीवाला आला. डिस्कला कानही न लावता "फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा व्हईल." हाकलला.
मग पुण्याला सुहासला फोन. सख्खा भाऊ, कॉम्प्युटरातच नोकरी. भाऊबिजेला त्याने ओवाळणीत लिनक्सची सीडी घातली होती, तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. म्हणाला, "ताई, तीच लाव. विंडोज मेलं तरी ती सीडीवरनंच चालते. फायली दिसतील, त्या बाहेरच्या ड्राइव्हवर घे. डिस्क खोलू नकोस, हलवू नकोस."
लावली. दिसल्या! सगळ्या फायली जागेवर. रडूच आलं.
आधी बोरीचे फोटो घेऊन बघितले. किती उतरलं ते दाखवणारी पट्टी क्षणात भरली. ह्यांनी "झालं की!" म्हणून ड्राइव्ह उपटला. परत लावला तर फोल्डर रिकामा. सुहास म्हणे, पट्टी भरली तरी लिहिणं मागे चालू असतं, रीतसर काढल्याशिवाय हात लावायचा नाही. हे उपटण्यात पटाईत. टीव्हीचा प्लगही असाच उपटतात.

१५ नोव्हें.
रुखसतीचा तुकडा घ्यायला लावला. गोगलगाय बरी! पट्टी म्हणते तास-सव्वातास. अर्ध्या तासात डिस्क तापते, टकटक वाढते आणि सगळंच थांबतं. बंद केलं, गार होऊ दिलं, परत लावलं. परत तिथंच. सुहास म्हणतो, दर वेळी चालू केली की ती थोडी थोडी मरते.
म्हणजे वेग वाढला नाही तर अब्बा येतच नाहीत.

१६ नोव्हें.
सुहासने फोनवरून काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करायला लावलं. इंग्रजीत ओळी आल्या, ड्राइव्ह लागला, 'फुल स्पीड'. मी म्हटलं, फुल तर आहे, अजून काय पाहिजे? तो हसला. "ताई, फुल म्हणजे जुना वेग. हाय यायला पाहिजे." हळूला फुल म्हणणारा माणूस मला एकदा भेटवा.
ड्राइव्ह हाय स्पीडचाच आहे. मग पोर्ट बदल म्हणाला, पिन दुसऱ्या भोकात लाव. कुठला बदलू? मागचे दोन्ही पावसाळ्यात विजेने गेले. हे म्हणाले होते, पुढचे आहेत की. पुढचे दोन्ही गोगलगाय.
आणि आत्ता आठवलं. पेनड्राइव्हही हल्ली असाच रडत चालतो. मी व्हायरस समजत होते. कधीपासून? दसऱ्यापासून.

१७ नोव्हें.
सापडलं. काय बोलू!
सकाळी ड्राइव्हची पिन उजेडात धरली तर टोकाला लाल. गंज म्हणून बोट लावलं. कुंकू! बॅटरी मारून पोर्टमध्ये बघितलं. आत कुंकवाचा वाळलेला थर, आणि एकात तांदळाचा दाणा, अडकून बसलेला. दसऱ्याला ह्यांनी कॅमेरा, ट्रायपॉड, लाइट, कॉम्प्युटर, सगळं पुजलं. ओल्या बोटाने. जिथे भोक दिसलं तिथे बोट, वर अक्षता. पिन धड बसतच नव्हती.
मला देवाचा राग नाही. ह्यांच्या बोटाचा आहे. "वरून टेकवायचं की हो, आत कशाला कोंबायचं?" तर "मग पूजा नाय करायची का?" म्हणून फुगून मागे जाऊन बसले.
दाणा सुईने काढला. कॅमेऱ्याचं हेड पुसायचं स्पिरिट आणि ह्यांचाच दात घासायचा ब्रश. (सांगितलं नाही.) सुकू दिलं. लिनक्स लावलं, ड्राइव्ह लावला, आणि 'हाय' आलं. लगेच लाइट गेली. भारनियमन! लाइट आली तेव्हा डिस्क उठेना. दोनदा टकटक करून गप्प. उद्यापर्यंत राहू देते.

१८ नोव्हें., रविवार
डिस्क उठली. तुकडा लावला, पट्टी पळतेय.
तेवढ्यात रेहाना आणि अल्ताफ. भिवंडीच्या गाडीला वेळ आहे. अल्ताफने सवयीने विचारलं, "भाऊ, झालं का?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मला नका इचारू. हिलाच कळतं." स्टुडिओच्या सहा वर्षांत पहिल्यांदा.
रेहाना स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. म्हणाली, "ताई, रडण्यात मला ऐकूच आलं न्हाई. अब्बा काय म्हणाले तेवढंच ऐकायचंय."
मध्येच टकटक झाली, पट्टी थबकली, परत चालली. आता भरलीय. हे ड्राइव्हपासून चार हात लांब, हात पाठीमागे बांधून उभे. मी म्हटलं, कुणी हात लावायचा नाही, ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय तोवर लिहिणं चालू आहे.
स्पीकरचा आवाज मोठा करून ठेवलाय. घरातला टीव्ही बंद केलाय. तोवर हे लिहीत बसलेय.
रेहाना विचारते, "ताई, आलं असंल ना?"
दिवा अजून लुकलुकतोय.