जातं उलटं फिरवत नाहीत

१२ नोव्हेंबर १९४६, मंगळवार. निपाणी. सकाळी शाळा, दुपारी सहावीला भूगोल, पाच वाजता खोलीवर. बाकी काही नाही.

आप्पा,

आज सागरी प्रवाह शिकवले. वारा समुद्राचं वरचं पाणी ढकलत नेतो, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असते, म्हणून ते पाणी वाऱ्याच्या वाटेनं सरळ जात नाही. आपल्या उत्तर गोलार्धात उजवीकडं वळतं, दक्षिणेत डावीकडं. दहा मिनिटांत पोरांना कळलं. तुम्हाला पटवायला मी अख्खी दुपार घालवली होती, आणि तुम्ही तर मास्तर! वीस वर्षं झाली, तरी अजून चीड येते.

तेव्हा तुम्ही गावच्या शाळेत, मी बेळगावात ट्रेनिंग कॉलेजात. सोमवारी दिपोटी शाळा तपासायला येणार होते. पाठ आवडला तर तालुक्याच्या शाळेची हेडमास्तरकी तुम्हाला मिळणार होती. तुम्ही नेमका हाच धडा निवडलात. शनिवारी मी घरी येतो तर तुमचं सुरूच, "वारं जिकडं ढकलंल तिकडं पानी जातंय. त्यात पृथ्वीचं काय काम रं?" मी म्हटलं, दाखवतो. आई जात्यावर दळत बसली आहे. फिरत्या दगडावर मी मधून काठाकडं सरळ खडू ओढतो. जातं थांबतं. रेघ वाकडी आलेली असते, पण डावीकडं.

तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. "डावीकडं गेली की! बेळगावात ह्येच शिकिवत्यात व्हय?"

जातं घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं, आणि उत्तर ध्रुवावरून पाहिलं तर पृथ्वी त्याच्या उलट. मी आईला म्हटलं, एकदाच उलटं फिरव.

"जातं उलटं फिरवत न्हाईत," आई म्हणाली. "तुझ्या समुद्रापायी माझं घर बुडवू व्हय?"

"ऐक तिचं," तुम्ही म्हणालात. "पुस्तक छापताना चुकलं असंल. म्या डोळ्यांनी बघितलंय त्येच शिकिवणार."

सोमवारी तुम्ही ते जातं बैलगाडीत घालून शाळेत नेलंत. दिपोटींसमोर खडू ओढलात आणि सांगितलंत, आपल्या अरबी समुद्रात पाणी डावीकडं वळतं. त्यांनी शेरा लिहिला, हेडमास्तरकी दुसऱ्याला गेली. आणि पुढं तुम्ही वारेपर्यंत, कुणी विषय काढला की तुम्ही माझ्याकडं बोट करायचात, "ह्या शाण्यानंच दावलं मला." मी उलटं फिरवायला सांगत होतो, हे एकदा तरी म्हणायचंत, आप्पा! एकदा तरी. पाव्हण्यांसमोर, सोयऱ्यांसमोर.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहितो. रविवारी दिवसभर मी घरीच होतो. आपलं जातं फिरतं तसं दक्षिण गोलार्धात होतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही ते ऐकलंही असतं, कारण त्यात आईचं जातं खोटं पडत नव्हतं. ते वाक्य मला शनिवारीच सुचलं होतं. तुम्ही हसलात, म्हणून मी सांगितलं नाही.

भात लागल्याचा वास येतोय. उठतो, पातेलं उतरवतो आणि वरचा चांगला भात ताटात काढून घेतो.